‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की कारवाई? एक इंग्रजी क्रियापद नीट शिकताना

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणारी एक मुलगी पुण्यातल्या एका परदेशी कंपनीत नुकतीच लागली होती. गावाकडे लग्न होतं, म्हणून तिने दोन दिवसांची रजा टाकली. आदल्या दिवशी कचेरीतून निघताना लंडनच्या सहकारी बाईंना ईमेल केली : ‘आय वॉज सँक्शन्ड बाय माय मॅनेजर फॉर टू डेज. आय विल रिप्लाय ऑन मंडे.’ तिला म्हणायचं होतं, साहेबांनी रजा मंजूर केली आहे, सोमवारी उत्तर देते. ती बसमध्ये बसते न बसते तोच त्या बाईंचा फोन आला. आवाजात काळजी. ‘काय झालं? तुझ्यावर कारवाई कशाबद्दल झाली?’

तिला काही कळेना. त्याच संध्याकाळी वर्गात येऊन तिने ईमेल दाखवली तेव्हा बाकीच्यांनाही त्यात चूक दिसेना. शब्द खरा, काळ बरोबर, स्पेलिंग अचूक. तरी वाचणाऱ्याला नेमका उलटा अर्थ लागला. त्या दिवशी दीड तास आम्ही या एकाच शब्दावर घालवला. बँक, सरकारी कचेरी, कोर्ट किंवा परदेशी कंपनी यांच्याशी ज्यांचा नव्याने संबंध येतो आहे, त्यांच्यासाठी तो तास इथे मांडतो आहे.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. ‘लोन सँक्शन झालं का?’ ‘प्लॅन सँक्शन करून घे आधी.’ ‘बिल अजून सँक्शनला अडकलंय.’ मराठीत हा शब्द मंजुरी या एकाच अर्थाने आला आणि तसाच मुरला. इंग्रजीत त्याचं दुसरं अंग आहे, ते आपल्याकडे आलंच नाही. त्यामुळे शब्द माहीत आहे असं वाटतं आणि कोशात बघायचं कुणी मनावर घेत नाही.

पहिली पायरी : तोंडात बसवा

शब्दाचे दोनच तुकडे : सँक्-शन. जोर पहिल्यावर. मधला ‘न’ दातांवर जीभ टेकवून म्हणायचा नाही. ‘अंक’, ‘शंका’ म्हणताना जो अनुनासिक येतो तोच इथे येतो. मराठी माणसाला हे सहज जमतं. ‘सॅन-क्शन’ असं तोडून म्हणू नका. नाम असो की क्रियापद, जोर जागचा हलत नाही. भूतकाळी ‘सँक्शन्ड’, त्यात शेवटचा ‘ड’ हलका. स्पेलिंगमध्ये शेवटी टी-आय-ओ-एन आहे, स्टेशनसारखंच.

दुसरी पायरी : ‘शासन’ हा शब्द आठवा

एकाच शब्दाला मंजुरी आणि शिक्षा असे दोन टोकांचे अर्थ कसे, हे मुलांना चमत्कारिक वाटतं. मग मी फळ्यावर ‘शासन’ लिहितो. महाराष्ट्र शासन म्हणजे सरकार. आणि ‘गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे’ म्हणजे शिक्षा. एकच शब्द, दोन अर्थ, आणि आपण कधी गोंधळतो का? मूळ संस्कृत धातू शास्. त्यातूनच अनुशासन आलं, शास्त्र आलं आणि शास्तीही आली.

इंग्रजी शब्दाची गोष्ट हीच. लॅटिन क्रियापद ‘सांकिरे’, म्हणजे पवित्र ठरवणं, अटळ करून टाकणं. संताला इंग्रजीत सेंट म्हणतात, अभयारण्याला सँक्च्युअरी म्हणतात, ते याच घराण्यातले शब्द. त्यावरून झालेलं नाम ‘सांक्टिओ’. रोमन कायद्यात हे कायद्याच्या त्या भागाचं नाव होतं, ज्यात तो मोडणाऱ्याला काय शिक्षा हे सांगितलेलं असे. म्हणजे कायद्याचं बळ आणि कायद्याचा दंडुका, दोन्ही एकाच शब्दात पहिल्यापासून होते. पुढे इंग्रजीत एका फांदीतून ‘अधिकाराने मान्यता देणं’ निघालं आणि दुसरीतून ‘नियम मोडला म्हणून शिक्षा लावणं’. क्रियापद म्हणून दुसरा अर्थ त्यामानाने नवा, विसाव्या शतकात रुळलेला.

पिंपरी-चिंचवडच्या लोकांना तर हे दोन्ही अर्थ एकाच घरावर बघायला मिळाले. महापालिकेची मंजुरी न घेता बांधलेल्या घरांवर मालमत्ता कराखेरीज शास्तीकर लागत असे. तो माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2023 मध्ये घेतला. नकाशाला सँक्शन नव्हतं म्हणून शास्ती बसली. इंग्रजीत त्या शास्तीलाही सँक्शनच म्हणता येईल.

‘मंजूर’ या शब्दाकडेही जाता जाता बघा. अरबीतला ‘नजर’ आणि हा शब्द एकाच मुळाचे. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेलं’, नजरेखालून गेलेलं. वरच्याच्या नजरेखालून कागद गेला, त्याने मान हलवली, काम मंजूर झालं. हे चित्र डोक्यात राहू द्या, पुढे उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : क्रियापदाच्या पुढे काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. अर्थ क्रियापदात शोधू नका, त्याच्या कर्मात शोधा. मी मुलांना एवढंच विचारायला सांगतो : सँक्शन कशाला केलं, की कुणाला केलं?

‘कशाला’चं उत्तर मिळालं तर मंजुरी. द बँक सँक्शन्ड द लोन. द कॉर्पोरेशन सँक्शन्ड द प्लॅन. द डायरेक्टर सँक्शन्ड हर लीव्ह. कर्ज, नकाशा, रजा, खर्च, पद, प्रस्ताव : या गोष्टींना कुणी शिक्षा करत नाही.

‘कुणाला’चं उत्तर मिळालं तर बहुधा कारवाई. द कोर्ट सँक्शन्ड द लॉयर. द काउन्सिल सँक्शन्ड द कंपनी. माणूस, कंपनी, बँक, जहाज, देश.

कर्मणी रचनेत कर्म पुढे येऊन बसतं, त्यामुळे तिथे सुरुवातीकडे बघायचं. ‘द लोन वॉज सँक्शन्ड’ म्हणजे कर्ज मंजूर झालं. ‘द मॅनेजर वॉज सँक्शन्ड’ म्हणजे मॅनेजरवर कारवाई झाली. आमच्या मुलीच्या वाक्यात ‘आय वॉज सँक्शन्ड’ होतं, पुढे ‘फॉर टू डेज’. रजेचा शब्दच नाही. लंडनच्या बाईंनी वाचलं ते असं : मॅनेजरने दोन दिवसांसाठी माझ्यावर कारवाई केली. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आता एक बारकावा. भारतीय इंग्रजीत माणूस आणि वस्तू दोन्ही येतात : ‘ही वॉज सँक्शन्ड अ लोन ऑफ फाइव्ह लॅख’, ‘शी वॉज सँक्शन्ड लीव्ह फॉर टू डेज’. माणसाच्या पाठोपाठ वस्तू आली की पुन्हा मंजुरीच. आपल्या बँकांत, कचेऱ्यांत ही वाक्यं रोज लिहिली जातात आणि कुणाचं काही अडत नाही. पण परदेशी वाचकाच्या कानाला ती अडखळतात, म्हणून तिकडे लिहिताना ‘माय लीव्ह वॉज अप्रूव्ह्ड’ हे सरळ वाक्य बरं.

याउलट माणसाच्या पाठोपाठ ‘फॉर’ आणि एखादं कृत्य आलं तर ती शिक्षाच. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा : ‘ही वॉज सँक्शन्ड लीव्ह.’ ‘ही वॉज सँक्शन्ड फॉर लीव्हिंग.’ पहिल्याला रजा मिळाली. दुसरा निघून गेला म्हणून त्याच्यावर कारवाई झाली.

चौथी पायरी : खुर्ची ओळखा

अप्रूव्ह, परमिट, अलाऊ, ऑथोराइज, ग्रँट, आणि सँक्शन. सगळ्यांचं मराठी आपण परवानगी, मंजुरी, मान्यता यांपैकी काहीतरी करून टाकतो. सँक्शनचं वेगळेपण असं की त्याच्यामागे खुर्ची लागते. नियमाने दिलेला अधिकार लागतो. कचेरीत फाइल कारकुनाकडून वर चढत जाते. तो टिपणी लिहितो, वरचा शिफारस करतो, आणि ज्याच्या हातात अधिकार आहे तो सँक्शन करतो. त्यालाच सँक्शनिंग ऑथॉरिटी म्हणायचं, मराठीत सक्षम प्राधिकारी. केंद्र सरकारच्या मंजुरीपत्रांत ‘आय ॲम डायरेक्टेड टू कन्व्हे द सँक्शन ऑफ द प्रेसिडेंट’ असं वाक्य येतं. पत्रावर सही एखाद्या अवर सचिवाची असते, पण मंजुरी राष्ट्रपतींच्या नावाने. खुर्ची कुठली, हे तो शब्दच सांगतो.

त्यामुळे मैत्रिणीने तुमची कल्पना उचलून धरली तर तिने ती सँक्शन केली असं इंग्रजीत लिहू नका. आईने सहलीला जाऊ दिलं तर ‘माय मदर अलाऊड मी’. मराठीत बोलताना ‘आईने सँक्शन दिलं’ छान वाटतं, पण इंग्रजी अर्जात नको.

पाचवी पायरी : घरातलेच कागद काढा

शब्दकोशातल्या वाक्यांपेक्षा घरातल्या फायलीतली वाक्यं लवकर मनात बसतात, असा माझा अनुभव आहे.

गृहकर्जाचं सँक्शन लेटर असेल तर ते आधी घ्या. वरती साधारण ‘वी आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू दॅट युवर लोन हॅज बीन सँक्शन्ड’ असं असतं, आणि लगेच खाली किंवा पुढे ‘सब्जेक्ट टू’ अशी सुरुवात होऊन अटी. या ‘सब्जेक्ट टू’वर पेन्सिलीने खूण करा. त्याचा अर्थ ‘या अटी पाळल्या तर’. मंजुरीला मुदतही असते; पत्रात ‘व्हॅलिड’ किंवा ‘व्हॅलिडिटी’ हा शब्द जिथे आहे तिथे ती सापडेल.

त्याच पत्रात दुसरं क्रियापद भेटेल : डिस्बर्स. पैसे प्रत्यक्ष देणं, वाटप करणं. बांधकाम चालू असलेल्या घराला 40 लाख सँक्शन झाले आणि पहिल्या स्लॅबपर्यंत 12 लाख डिस्बर्स झाले, तर व्याज 12 लाखांवर सुरू होतं. बाकीचे 28 लाख अजून बँकेकडेच आहेत. ‘लोन सँक्शन झालं’ म्हणून पेढे वाटून बिल्डरला तारखेचा शब्द देणारी माणसं मी पाहिली आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांनी पत्र हातात पडताच जुनं घर सोडण्याची नोटीस दिली, आणि कायदेशीर तपासणीत कागद अडकल्यावर त्यांचे दोन महिने फार ओढाताणीत गेले. सँक्शन आणि डिस्बर्स या दोन क्रियापदांमधलं अंतर त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं.

मग विजेचं बिल घ्या. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. इंग्रजीत तो ‘सँक्शन्ड लोड’. इथे आपला शब्द विशेषण झाला आहे : मंजूर केलेला. नोकरीच्या जाहिरातींच्या बातम्यांत ‘सँक्शन्ड पोस्ट्स’ म्हणजे मंजूर पदं, आणि त्यातली किती भरली हे वेगळं. ‘अनसँक्शन्ड’ म्हणजे विनामंजुरी. ‘शिक्षा न झालेला’ असा अर्थ त्याचा सहसा होत नाही.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत एक जोडी दिसते, ती मला फार आवडते. रस्त्याच्या कामाला आधी ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल’ लागतं, नंतर ‘टेक्निकल सँक्शन’. मराठीत प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता. पहिलीत ठरतं की हे काम करायचं आणि त्यावर इतका खर्च करायचा. दुसरीत अधिकारी अभियंता आराखडा आणि अंदाजपत्रक तपासून सांगतो की हे योग्य आहे. मराठीत दोन्हीकडे मान्यता, इंग्रजीत एकीकडे अप्रूव्हल आणि दुसरीकडे सँक्शन. अशा ठरलेल्या जोड्या आपल्या मनाने बदलायच्या नाहीत. निविदेच्या कागदात ‘टेक्निकल अप्रूव्हल’ लिहिलंत तर विचारणा होईल.

कोर्टाची बातमी मात्र सगळ्यांना चकवते. ‘गव्हर्नमेंट सँक्शन्स प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफिसर.’ ऑफिसर आहे, खटला आहे, म्हणजे शिक्षा, असं मन पटकन ठरवतं. तिसरी पायरी लावा. सँक्शन कशाला केलं? प्रॉसिक्यूशनला, म्हणजे खटला चालवायला. ती गोष्ट आहे, माणूस नाही. म्हणून ही मंजुरी. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लोकसेवकावर त्या कायद्याखाली खटला चालवायचा तर सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि तिला इंग्रजीत ‘प्रीव्हियस सँक्शन’ म्हणतात. अधिकारी दोषी ठरला असं त्या बातमीत कुठेच म्हटलेलं नसतं. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने माणसाची बदनामी होऊ शकते, म्हणून हे उदाहरण मी कधीच गाळत नाही.

सहावी पायरी : जगाच्या बातम्या

नाम अनेकवचनी ‘सँक्शन्स’ दिसलं की जवळजवळ नेहमी निर्बंध. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या काळात हा वापर बळावला. 1935 मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने लावले ते सँक्शन्स. आपल्या आठवणीतलं उदाहरण पोखरणचं. 11 आणि 13 मे 1998 ला भारताने अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. ते सप्टेंबर 2001 मध्ये उठवले गेले. या तीन-चार वर्षांच्या बातम्यांतून नामाबरोबर येणारी सगळी क्रियापदं शिकता येतात : इम्पोज म्हणजे लादणं, ईज म्हणजे सैल करणं, लिफ्ट म्हणजे उठवणं. आणि शब्दयोगी : सँक्शन्स ऑन इंडिया, सँक्शन्स अगेन्स्ट इंडिया. मंजुरीच्या नामाबरोबर ‘फॉर’ येतं, ‘ऑफ’ येतं, आपल्याकडे ‘टू’ही येतं, पण ‘अगेन्स्ट’ येत नाही. ‘अगेन्स्ट’ दिसलं की शंका सोडा. क्रियापद मात्र कर्माला थेट भिडतं. ‘सँक्शन्ड टू द प्रपोजल’ चूक, ‘सँक्शन्ड द प्रपोजल’ बरोबर.

एक सावधानता : मथळ्यात ‘सँक्शन्स’ हे वर्तमानकाळी क्रियापदही असू शकतं. ‘बँक सँक्शन्स लोन टू शुगर फॅक्टरी’ यात निर्बंध कुठे आहेत? नाहीत. बँकेने साखर कारखान्याला कर्ज मंजूर केलं. पुन्हा कर्म बघा, उत्तर तिथेच आहे.

परदेशात राहणाऱ्यांना शिक्षेचा अर्थ रोजच्या व्यवहारात भेटतो. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणारा कुणी ‘आय हॅव बीन सँक्शन्ड’ म्हणाला तर त्याला मंजुरी मिळाली असं समजून अभिनंदन करू नका. अटी न पाळल्यामुळे त्याचा भत्ता कापला गेला आहे. अमेरिकेत न्यायालय वकिलांनाही सँक्शन करतं. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने दोन वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून 5,000 डॉलर भरायला लावले, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात सादर केले होते. बातम्यांत शब्द होता ‘सँक्शन्ड’.

सातवी पायरी : स्वतः लिहा

एक वही करा, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘कशाला’, उजवीकडे ‘कुणाला’. आठवडाभर इंग्रजी वर्तमानपत्रात, बँकेच्या मेसेजमध्ये, नोटिशीत हा शब्द जिथे दिसेल ते पूर्ण वाक्य उतरवा. नुसता शब्द नको. खाली मराठी लिहा आणि प्रत्येक वेळी नेमका शब्द निवडा : कर्ज असेल तर मंजूर, खटला असेल तर मंजुरी, देशावर असेल तर निर्बंध, वकिलावर असेल तर कारवाई किंवा दंड. डावा रकाना भारतीय कागदांनी भरेल, उजवा परदेशी बातम्यांनी. तो फरक डोळ्यांनी दिसला की पाठांतराची गरज उरत नाही.

मग स्वतःच्या कामाची पाच वाक्यं लिहा. सोसायटीचे सचिव असाल तर दुरुस्तीच्या खर्चाला सर्वसाधारण सभेने दिलेल्या मंजुरीचं, शिक्षक असाल तर रजेचं, शेतकरी असाल तर पीककर्जाचं. प्रत्येक वाक्यात खुर्ची कुणाची आहे ते अधोरेखित करा. खुर्ची सापडली नाही तर तिथे सँक्शन काढून ‘अलाऊ’ किंवा ‘ॲग्री’ बसवून बघा.

वर्गातल्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी लंडनला नवी ईमेल केली. आम्ही सगळ्यांनी मिळून वाक्य बसवलं होतं : ‘माय मॅनेजर अप्रूव्ह्ड टू डेज ऑफ लीव्ह. आय ॲम ॲट अ फॅमिली वेडिंग अँड विल रिप्लाय ऑन मंडे.’ त्या बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं, नवरा-नवरीला शुभेच्छा देणारं.